परदेशी निधी, संशोधक विद्यार्थी आणि आपला वाटा

(सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त सांताक्रूझ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विश्वस्तांनी मला विषय दिला तो असा : परदेशी संस्थांकडून निधी मिळवून, देशोदेशींच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन पीएच.डी.चे विद्यार्थी कसे घडवावेत, आणि त्यासाठी अर्ज कसा करावा. विषय वाचून प्रथम मनात आले की हा विषय प्राध्यापकांच्या सभेत शोभेल. पन्नास वर्षे धर्मशाळा, पाठशाळा, औषधोपचार आणि शिष्यवृत्त्या चालविणाऱ्या विश्वस्त संस्थेपुढे त्याचे काय प्रयोजन? परंतु विचार करता ध्यानात आले की माझ्या आयुष्यात या कामी जी एक मोठी चूक घडली, ती प्राध्यापकांपेक्षा आपणांसच अधिक लवकर समजेल. ती चूक आपल्यापुढे मांडण्यासाठीच मी हे निमंत्रण स्वीकारले.

सांताक्रूझ स्थानकाच्या पूर्वेस उतरून रिक्षा केली की काही मिनिटांत कालिन्याला विद्यानगरी लागते. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली तेथे शिकली. तेथील पदव्युत्तर वर्ग सर्वांना ठाऊक असतात. परंतु त्याच इमारतींतून चार-पाच वर्षे एकाच प्रश्नाशी झुंजणारे संशोधक विद्यार्थी फारसे कोणाच्या नजरेस पडत नाहीत. त्यांचा वर्ग भरत नाही, त्यांचा निकाल वर्तमानपत्रात येत नाही. त्यांच्या आई-वडिलांना शेजारी विचारतात, ‘अजून शिक्षण चालूच का?’

अशा विद्यार्थ्याला एका मार्गदर्शकाच्या हाती सोपवून मोकळे होण्याची पद्धत जगभर जुनी झाली आहे. आता दोन-तीन देशांतील संस्था मिळून दहा-पंधरा विद्यार्थी निवडतात. प्रत्येकाला दोन ठिकाणी मार्गदर्शक असतात, काही महिने तो दुसऱ्या देशातील प्रयोगशाळेत वा ग्रंथालयात काम करतो, आणि शोधनिबंध लेखनापासून अर्थव्यवहारापर्यंतचे प्रशिक्षण सर्वांना एकत्र मिळते. यास सहयोगी संशोधक प्रशिक्षण म्हणावे.

ही कल्पना आपल्या उपनगरांना मुळीच परकी नाही. जुलै १९५६ मध्ये मुंबईत लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण व संशोधन केंद्र सुरू झाले. आज देवनार येथे असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. तिच्या स्थापनेत तीन हात होते : संयुक्त राष्ट्रे, भारत सरकार आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट. आशिया व प्रशांत प्रदेशातील देशांचे विद्यार्थी येथे शिकण्यास येऊ लागले, आणि १९८५ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या तीन हातांपैकी तिसऱ्याकडे आपण विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. संयुक्त राष्ट्रांचा निधी आणि सरकारचा पाठिंबा असतानाही एका स्थानिक विश्वस्त निधीला त्यात स्थान होते.

दुसरे उदाहरण पवईचे. मुंबईच्या आय.आय.टी.चा पहिला वर्ग १९५८ साली वरळीच्या एका उसन्या इमारतीत भरला; तीन हजार चारशेहून अधिक अर्जदारांतून १०० विद्यार्थी निवडले गेले होते. पुढील वर्षी, १० मार्च १९५९ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते पवईला कोनशिला बसली. सोव्हिएत रशियाने युनेस्कोच्या मार्फत यंत्रसामग्री दिली, ५९ तज्ज्ञ व १४ तंत्रज्ञ पाठविले. हे बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु त्याच मदतीतून येथील अध्यापकांना रशियात प्रशिक्षण घेण्यासाठी २७ अधिछात्रवृत्त्या मिळाल्या होत्या, याचा उल्लेख क्वचितच होतो. माझ्या मते त्या मदतीचा सर्वांत टिकाऊ भाग तोच. यंत्रे केव्हाच भंगारात गेली असतील. शिकून आलेल्या माणसांनी पुढच्या पिढ्या घडविल्या.

त्याच पवईत २००८ साली आय.आय.टी. मुंबई आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे मोनाश विद्यापीठ यांनी मिळून एक संशोधन अकादमी सुरू केली. विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक पवईचा, एक मेलबर्नचा; बराच काळ येथे, काही काळ तेथे; आणि अखेरीस मिळणारी पीएच.डी. दोन्ही संस्थांची. तेथे उद्योगसमूहांनाही संशोधनाचे विषय व पाठबळ देण्यास सहभागी करून घेतले गेले. म्हणजे १९५६ मध्ये जी जागा विश्वस्त निधीने भरली होती, ती २००८ मध्ये उद्योगांनी भरली. जागा मात्र रिकामी राहिली नाही.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येतो. निधी देणाऱ्या योजना अनेक आहेत. भारत व फ्रान्स यांच्या संयुक्त केंद्राकडून २०१३ पासून रामन-शारपाक अधिछात्रवृत्ती दिली जाते, तिच्यातून संशोधक विद्यार्थी काही महिने दुसऱ्या देशात काम करतात. जर्मनीची डाड ही संस्था दोन देशांत मार्गदर्शक असलेल्या पीएच.डी.साठी साहाय्य करते. आपल्या सरकारनेही २०१८ साली परदेशी विद्यापीठांशी सहयोगासाठी ‘स्पार्क’ ही योजना ४१८ कोटी रुपयांची तरतूद करून आखली. परंतु मला अनुभव आहे तो युरोपीय संघाच्या मारी क्युरी यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेचा, म्हणून तिच्याविषयीच सविस्तर बोलतो.

या योजनेत निरनिराळ्या देशांतील किमान तीन संस्थांचा गट लागतो. हे तीन देश युरोपीय संघाचे वा त्याच्याशी या कार्यक्रमात संलग्न असलेले असावे लागतात आणि त्यांत किमान एक संघाचा सदस्य असावा लागतो. सर्वसाधारण प्रस्तावास जास्तीत जास्त ३६० मनुष्य-महिने मिळतात; सोपे करून सांगायचे तर दहा विद्यार्थी, प्रत्येकी तीन वर्षे. विद्यार्थ्याला विद्यावेतन नव्हे, तर नोकरीचा रीतसर करार व पगार मिळतो. ज्या देशात तो रुजू होणार त्या देशात मागील तीन वर्षांत बारा महिन्यांपेक्षा अधिक तो राहिलेला नसावा, हा नियम आपल्या मुलांच्या पथ्यावरच पडतो. युरोपबाहेरून या योजनेत निवडल्या जाणाऱ्या संशोधकांत भारतीयांची संख्या मोठी आहे, ती काही उगीच नव्हे.

मात्र भारतीय संस्थेला या योजनेतून आपोआप निधी मिळत नाही. ती सहभागी होते सहयोगी भागीदार म्हणून. विद्यार्थी युरोपीय विद्यापीठाच्या पगारावर आपल्याकडे काही महिने काम करण्यास येतो. त्याच्या एकूण मुदतीच्या एक तृतीयांशापर्यंत असा काळ बाहेर घालविता येतो. त्याला लागणारे बाक, रसायने, राहण्याची खोली, रुग्णालयाची ओळख, हे सर्व यजमानाने पाहावयाचे. पुष्कळ विभागप्रमुख हे ऐकताच हात आखडता घेतात. ‘पैसा तिकडे आणि काम इकडे’ असे त्यांचे म्हणणे. मला ते कधीच पटले नाही. आपल्या प्रयोगशाळेत परदेशी विद्यार्थी येऊन बसला की आपल्या विद्यार्थ्याच्या बसण्या-बोलण्यात, लिहिण्यात जो फरक पडतो, तो कोणत्याही अनुदानाने विकत मिळत नाही.

अर्जाचे गुणांकन तीन भागांत होते : विषयाची व प्रशिक्षणाची गुणवत्ता ५० टक्के, परिणाम ३० टक्के आणि अंमलबजावणी २० टक्के. आम्ही पहिला अर्ज केला तेव्हा सर्व जोर विषयावर दिला. विषय उत्तम होता, मार्गदर्शक नामवंत होते. प्रशिक्षणाच्या प्रकरणात व्याख्यानांची एक लांबलचक यादी जोडली. अर्ज नामंजूर झाला. परीक्षकांचा शेरा आजही आठवतो. त्याचा आशय असा, की मार्गदर्शक काय शिकविणार हे कळले, विद्यार्थी काय शिकणार हे कळले नाही. रागाच्या भरात मी तो कागद खणात टाकून दिला. महिन्याभराने पुन्हा वाचला तेव्हा त्यांचे खरे वाटले.

या स्पर्धेत साधारणपणे दहा अर्जांमागे एखादाच मंजूर होतो. शिवाय ८० टक्क्यांपेक्षा कमी गुण मिळालेला अर्ज लगेच पुढच्या फेरीत पुन्हा करता येऊ नये असाही नियम करण्यात आला. म्हणून घाईने अर्ज करणे परवडत नाही. दुसरा अर्ज आम्ही निराळ्या रीतीने लिहिला. आधी एकेका विद्यार्थ्याची तीन वर्षे कागदावर मांडली : हा विद्यार्थी कोणत्या महिन्यात कोठे असेल, कोणाला भेटेल, मार्गदर्शकाशी मतभेद झाले तर कोणाकडे जाईल, मार्गदर्शक दुसऱ्या विद्यापीठात गेला तर याचे काय. मग त्यातून प्रशिक्षणाचे प्रकरण आपोआप उभे राहिले. भागीदार संस्थांना पत्रे मागताना ‘आम्ही सहर्ष पाठिंबा देतो’ अशी शोभेची पत्रे नाकारली; किती महिने, कोणते उपकरण, कोणता माणूस, हे लिहून मागितले. यासाठी मला एका वर्षात जितके दूरध्वनी करावे लागले, तितके मुलीच्या लग्नातही केले नव्हते.

तो अर्ज मंजूर झाला. विभागात पेढे वाटले गेले. पुढच्या वर्षी जुलै महिन्यात युरोपातून पहिली विद्यार्थिनी आली आणि विमानतळावरून येताना मिलन सबवेच्या पाण्यात दोन तास अडकली. तिची वसतिगृहाची व्यवस्था अर्जात एका ओळीत लिहिलेली होती, प्रत्यक्षात नव्हती. वाकोल्यात एका सद्गृहस्थ कुटुंबाने तिला ठेवून घेतले. ती थालीपीठ लावायला शिकून परत गेली.

आता माझ्या चुकीविषयी.

अर्जात एक प्रश्न येतोच : निधी तीन वर्षांचा आहे, पीएच.डी.ला त्याहून अधिक काळ लागला तर विद्यार्थ्याचे काय? प्रयोगाच्या विषयांत चार वर्षे लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडील राष्ट्रीय अधिछात्रवृत्तीही एकूण पाच वर्षांपर्यंत चालते, ती उगीच नव्हे. त्या प्रश्नापुढे मी लिहिले, ‘संबंधित संस्था आवश्यक ती व्यवस्था करतील.’ वाक्य व्याकरणशुद्ध होते. परीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला नाही. त्या वाक्यामागे एक रुपयाही नव्हता आणि एकही माणूस नव्हता.

सोलापूर जिल्ह्यातील एक मुलगी या योजनेत निवडली गेली होती. वडील लहान दुकानदार. घरातून परदेशी गेलेली ती पहिलीच. पहिली दोन वर्षे तिचे काम इतके चांगले चालले की तिचे नाव घेऊन मी इतर विद्यार्थ्यांना बोलत असे. तिसऱ्या वर्षी तिच्या प्रयोगाचे एक मोठे उपकरण काही महिने बंद पडले. छत्तीस महिने संपले तेव्हा प्रबंधाची दोन प्रकरणे आणि शेवटची प्रयोगमालिका बाकी होती. करार संपला, त्याबरोबर तेथील राहण्याचा परवाना संपला. ती मुंबईला परत आली. येथे ती कोणाचीच विद्यार्थिनी नव्हती. नाव तिकडे नोंदलेले, पगार बंद. मी या खोलीतून त्या खोलीत फिरलो. सर्वांनी सहानुभूती दाखविली. पाच महिने ती बहिणीकडे राहून लिहीत होती. मग घरून निरोप आला, आणि तिने एका शिकवणी वर्गात नोकरी धरली. तिचा प्रबंध सादर झाला नाही. तीन वर्षांचा परदेशी निधी, दोन विद्यापीठांचे श्रम आणि एका मुलीच्या उमेदीचा काळ, हे सर्व मी लिहिलेल्या त्या एका पोकळ ओळीपाशी येऊन थांबले.

कोणी म्हणेल, उपकरण बंद पडले त्यात तुमचा काय दोष? उपकरणे बंद पडतातच. ती बंद पडतील हे मला माहीत होते.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. परदेशी निधी देणारी संस्था चौथ्या वर्षाचा भार सहसा घेत नाही. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात अशा खर्चाचा रकाना नसतो. सरकारी अधिछात्रवृत्ती ज्याला आरंभी मिळाली नाही, त्याला शेवटच्या वर्षी मिळत नाही. ही मोकळी जागा लहान आहे, परंतु तेथे विद्यार्थी पडतो. आणि ही जागा भरण्यास रक्कम तरी किती लागते? १ जानेवारी २०२३ पासून वरिष्ठ अधिछात्रवृत्तीचा दर दरमहा ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वगळता वर्षाचे ५ लाख ४ हजार झाले. आपल्या येथील एखाद्या मध्यम सभागृहाच्या रंगरंगोटीचा खर्च विश्वस्तांना माझ्याहून चांगला ठाऊक आहे.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. सुरतेहून मुंबईत आलेले शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मातोश्रींच्या नावाने उभा राहिलेला तो राजाबाई मनोरा साऱ्या मुंबईला दिसतो. परंतु त्याच प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही देणगी दिली, आणि तीतून त्यांच्या नावाची संशोधन शिष्यवृत्ती सुरू झाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? आशुतोष मुखर्जी तिचे मानकरी होते. १८९७ साली ती जदुनाथ सरकारांना मिळाली. औरंगजेबावर आणि शिवछत्रपतींवर ज्यांनी आयुष्य वेचून लिहिले, रियासतकार सरदेसायांचे जे जिवलग स्नेही, त्या सरकारांच्या उमेदवारीच्या काळात मुंबईच्या एका जैन व्यापाऱ्याचे द्रव्य कामी आले होते. मनोऱ्याविषयी मला आदर आहे. परंतु दोन्ही देणग्या पुढे ठेवल्या तर मी कोणती निवडीन, हे सांगण्याची गरज नाही.

१९१५ साली मुंबईत महावीर जैन विद्यालय स्थापन झाले ते गावोगावच्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून. त्या काळी अडचण निवासाची होती, तिच्यावर समाजाने उपाय शोधला. आजच्या संशोधक विद्यार्थ्याची अडचण शेवटच्या वर्षाची आहे.

विश्वस्तांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. पहिली, कायद्याची. परदेशी अंशदान घ्यावयाचे असेल तर २०१० च्या परदेशी अंशदान (विनियमन) कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की विश्वस्त संस्थेने परदेशी निधी स्वतः घेण्याच्या भानगडीत पडूच नये. तो विद्यापीठाने घ्यावा. आपण द्यावा तो आपला स्वदेशी निधी, शक्यतो थेट विद्यार्थ्याला. आपले कित्येक आप्त अँटवर्पला किंवा अमेरिकेत आहेत, त्यांनाही यात सहभागी व्हावेसे वाटेल. ज्यांचे नागरिकत्व भारतीय आहे त्यांनी आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान मानली जात नाही. ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले त्यांची मात्र मानली जाते, मग ते कितीही जवळचे असोत. ही तपासणी आधीच करावी. न्यासपत्राच्या उद्देशांत उच्च शिक्षण बसते की नाही, हेही सनदी लेखापालांकडून पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट, पत्राची. अर्ज भरण्याच्या वेळीच विश्वस्त संस्थेने विद्यापीठाला लेखी द्यावे की या गटातील अमुक इतक्या विद्यार्थ्यांना, निधी संपल्यावर, अधिकाधिक बारा महिने, अमुक दराने साहाय्य दिले जाईल. जात, धर्म, प्रांत यांची अट त्यात घालू नये. परदेशी परीक्षकांपुढे ती टिकणार नाही, आणि मला वाटते आपल्यापुढेही टिकू नये. असे ठराव क्रमांकासह आलेले पत्र परीक्षक जेव्हा वाचतो, तेव्हा ‘आवश्यक ती व्यवस्था’ हे शब्द अर्जात लिहावे लागत नाहीत.

घरांतील आया मला एक निराळाच प्रश्न विचारतात, तोही सांगून टाकतो. ‘सर, मुलगी सूर्यास्तानंतर जेवत नाही, तिकडे कसे होणार?’ उत्तर युरोपात उन्हाळ्यात सूर्य रात्री दहाला मावळतो, तेव्हा काही अडचण नाही. हिवाळ्यात तो चारलाच जातो. एका विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकांना हे सांगितले, तर त्यांनी प्रयोगशाळेची साप्ताहिक बैठक दुपारी साडेतीनची होती ती सकाळी नेली. विचारले तर माणसे ऐकतात.

आपल्या विश्वस्त मंडळापुढे सुवर्ण महोत्सवी निधीच्या विनियोगाचा विषय आहे, असे मला सांगण्यात आले. विद्यापीठातील माझ्या तरुण सहकाऱ्यांचा एक गट पुढील फेरीसाठी अर्ज तयार करीत आहे. त्यांच्या मसुद्यात तो प्रश्न आहे, आणि त्यापुढील जागा मी त्यांना कोरी ठेवण्यास सांगितले आहे. ठरावाचा एक कच्चा नमुना मी सोबत आणला आहे, तो चिटणीसांकडे देऊन ठेवतो.